वकिलाची आत्या

३ सप्टेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी भावाच्या घरी येऊन दाखल झाले. महिनाभर राहीन म्हणते. तेवढ्यात सगळं मार्गी लागेल. फुशारकी मारत नाही. ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर म्हणून उभी हयात काढली, भले भले सर्जन माझ्यासमोर आवाज खाली आणून बोलायचे. इथं तर नऊ वर्षांची एक पोर शाळेत जात नाही, एवढीच काय ती अडचण.

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. लिफ्ट दुरुस्त करतो. भावजय कुरिअरच्या ऑफिसात. दोघंही सकाळी घर सोडतात, आणि सुट्टी संपून शाळा उघडली तशी पोर घरीच आहे. आधी फाटकात रडारड झाली, मग सकाळी पलंगाखाली जाऊन बसणं, मग सरळ नकार. भावजयीची रजा संपली तेव्हा भावाला ताई आठवली.

पोरीला सगळे वकील म्हणतात. का ते मला आजच सकाळी कळलं.

"दूध पिऊन टाक."

"का?"

"हाडं मजबूत होतात."

"आता कमजोर आहेत असं कुणी सांगितलं?"

मला हसू येत होतं, पण मी चेहरा सरळ ठेवला. बोलताना ती माझ्याकडे बघत नाही, खिडकीकडे बघते, आणि अंगठ्यावर एकेक बोट टेकवत जाते. सारखं. तोंडानं बारीक गुणगुणणंही चालू असतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की हा ऑटिझम आहे. भावानं तेव्हा मला फोनवर इतक्या दबक्या आवाजात सांगितलं होतं की मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं. पोरीला अजून सांगितलेलं नाही. काल पुन्हा बजावलं, "तिच्यासमोर तो शब्द काढू नकोस, ताई." नाही काढणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

भावजय म्हणाली होती, "ताई, घर तुमचंच समजा." म्हणून आज स्वयंपाकघरातले सगळे खण रिकामे करून नीट लावले. धारेची सुरी खालच्या खणात, डाव सगळ्या आकारांचे एकत्र, भांडी कशाच्याही वर कशीही रचलेली. आता जी वस्तू आधी लागते ती आधी हाताला येते.

भावजय संध्याकाळी आली, खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला. "छान केलंत," म्हणाली. नंतर जेवताना गप्पच होती. दमली असणार. ऑफिसात फार राबवून घेतात तिला.

वकीलही जेवली नाही. तिचा चमचा नेहमीच्या जागी नव्हता म्हणे. दिला होता मी दुसरा, चांगला.

९ सप्टेंबर, सोमवार

आज वकिलाला समुपदेशकाकडे नेलं. भावजयीनं शोधून काढलेली आहे. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मला वाटलं होतं कुणी पोक्त बाई असेल, तर तिशीतली पोरगी, पायात जाड पिवळे मोजे. दारातच म्हणाली, "चपला इथं काढा. आत गेल्यावर मी जमिनीवर बसणार आहे, तुम्ही कुठंही बसा. आज कुणालाच काही विचारणार नाहीये." निदान आधी सांगितलं, हे बरं केलं. थिएटरमध्ये माझाही तोच नियम होता, आता काय होणार ते आधी बोलायचं, मग हात लावायचा.

वकील तडक टेबलाखाली गेली. मोजेवाली पालथी पडून एक चित्रांचे तुकडे जोडायचा खेळ जोडत बसली. एकटीच! बराच वेळ गेला. टेबलाखालून एक हात आला आणि एक तुकडा योग्य जागी बसवून परत आत गेला. वेळ संपली.

मला राहवलं नाही. "ट्रीटमेंट कधी सुरू होणार?"

"कसली?"

"पोरीत काय बिघडलंय ते सांगा, म्हणजे दुरुस्तीला लागता येईल."

"ती बिघडलेली नाही, ताई. तिच्या मेंदूची घडण निराळी आहे, तिच्यासारखी पुष्कळ मुलं आहेत, मोठी माणसंही आहेत. शाळेत एक दिवस काढायला तिला काय काय सोसावं लागतं, ते आपण शोधू. मग ते कमी करू."

"म्हणजे आम्ही बिघडलोय?"

"तसंही नाही."

"कुणीच बिघडलेलं नाही, तर आम्ही दोन जिने चढून आलो कशाला?"

ती मनापासून हसली. तिला राग येत नाही, हा गुण आहे. पण नुसत्या हसण्यानं पोरी शाळेत जात नसतात.

खोली मात्र मला पसंत पडली. ट्यूबलाइट काढून टाकलेली, कोपऱ्यात दोन मंद दिवे, भिंती कोऱ्या, टिकटिकणारं घड्याळ नाही. निघताना पाय निघेना. वयामुळे जिने चढून दमले असणार.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेनं भावाला बोलावून घेतलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, महिनाअखेरीस बैठक घेऊ, तोवर मुलगी यायला लागली नाही तर दुसरी शाळा बघा. जाताजाता त्यांनी एका सुधारवर्गाचा पत्ता दिला. तिथं अशा मुलांना वळण लावतात, थोड्याच दिवसांत फरक दिसतो.

घरात त्यावरून जुंपली. भावजय म्हणाली, "मोज्यांवाल्या ताईंना आधी विचारू." भाऊ म्हणाला, "त्या ताई खेळ जोडतायत, आणि इकडे पोरीचं नाव कापलं जातंय."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भावाच्या बाजूनं कौल दिला. शिस्तीनं आजवर कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लिहून ठेवण्यासारखा दिवस! सुधारवर्ग म्हणजे खरी व्यवस्था. चकचकीत फरशी, प्रत्येक मुलाला स्वतःची खुर्ची, भिंतीवर तक्ता. तिथले सर मोठे उमदे. वकिलासमोर खुर्ची टाकून बसले. डोळ्यांत बघितलं की तक्त्यावर एक चांदणी. हात मांडीवर स्थिर ठेवले की दुसरी. बोटं हलायला लागली की सर आपला हात तिच्या हातावर हलकेच दाबून ठेवत, म्हणत, "हात शांत." सुरुवातीला तिनं अंग चोरलं. नंतर जमलं की तिला! शेवटी तर सरळ माझ्या डोळ्यांत बघून "नमस्कार आत्या, कशी आहेस?" म्हणाली. माझे डोळे भरून आले.

भावाला फोन केला तर त्यानं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

येताना ती रस्ताभर चूप होती. एकही प्रश्न नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज पुन्हा नेलं. पुन्हा चांदण्या. घर कसं निवांत वाटतंय. दूध पी म्हटलं तर "हो." आंघोळीला जा म्हटलं तर "हो." जेवण मात्र अर्धं टाकलं. भावजय रात्रीची भांडी घासताना रडत होती. एवढं चांगलं चाललेलं असताना रडायला काय झालं, देव जाणे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी वकिलाला म्हटलं, "आज तुला वर्गात जायचंय ना?" म्हणाली, "हो." मग उगाच, गंमत म्हणून म्हटलं, "आज उलट्या चपला घालून जायचंय ना?" म्हणाली, "हो."

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

नवीन मुली वॉर्डात आल्या की मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. ओरडणारा पेशंट थोडा थांबू शकतो. जो आत्तापर्यंत बोलत होता आणि एकाएकी गप्प झाला, त्याच्याकडे आधी धावायचं. शांत झाला म्हणजे बरा झाला असं समजू नका, आत रक्तस्राव होत असेल. हे मी किती मुलींना शिकवलं असेल! आणि घरातली बोलकी पोर गप्प झाली तर मी म्हणते, घर कसं निवांत.

टॉर्च घेऊन आले. म्हटलं, "मी तुझं तोंड तपासणार आहे. आधी ओठ, मग आत. तू हात वर केलास की मी थांबेन." तिनं आ केला. दोन्ही गाल आतून चावून चावून सोललेले. जेवण टाकत होती ते उगाच नाही.

"हे कधी केलंस?"

"खुर्चीवर." मग पुढे म्हणाली, "हात शांत ठेवायचे असतात. तोंड मिटलेलं असलं की कुणाला दिसत नाही."

मी तिला मिठी मारणार होते, पण तिला ते आवडत नाही. मलाही कधी आवडलं नाही. शेजारी बसून राहिले. थोड्या वेळानं तिची बोटं अंगठ्यावर टेकायला लागली. मी म्हटलं, "चालू दे."

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा दारातच सांगितलं, उद्यापासून तो वर्ग बंद. तो भडकला. "तूच म्हणालीस ना चांगला आहे म्हणून?"

"म्हणाले. आता नाही म्हणते."

"आणि शाळा? तिला बाहेर काढतील ताई. उद्या लोक वेडी म्हणतील तिला. तेव्हा तू असणार आहेस का?"

मला भांडता येत नाही. म्हणून जे सुचलं ते विचारलं. "लिफ्ट मध्येच अडकली आणि आत माणूस आहे, तर तू काय करतोस? वरून ओरडतोस का, नीट उभा राहा, हसून दाखव?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"काय करतोस ते सांग."

"त्याच्याशी बोलतो. मी कोण आहे सांगतो. आता काय करणार, आवाज कसला येईल, दार कधी उघडेल, सगळं सांगत राहतो. नाहीतर माणूस आतून दार ओढायला लागतो."

"मग?"

तो आत गेला, आणि वकील पलंगाखाली होती तिथं जमिनीवर आडवा झाला. कितीतरी वेळ दोघांचं दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. बहुतेक तोच बोलत होता.

२३ सप्टेंबर, सोमवार

सगळे मिळून मोजेवालीकडे गेलो. सुधारवर्गाचं सगळं मीच सांगून टाकलं, गालांसकट. ती आम्हाला बोलली नाही. वकिलाला म्हणाली, "तुझ्या बोटांचं काम थांबवायला नको होतं. ती बोटं तुला सांभाळतात." वकील म्हणाली, "माहितीये मला." तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

मग मोजेवालीनं आई-बापाकडे पाहिलं. तिचं आणि त्यांचं आधी फोनवर बोलणं झालं असावं, कारण भावजयीनं पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि म्हणाली, "बाळा, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे."

भावानंच सांगितलं शेवटी. आवाज दबका नव्हता. मेंदूच्या घडणीच्या अनेक तऱ्हा असतात, तुझ्या घडणीला ऑटिझम म्हणतात, तुला आवाज जास्त ऐकू येतात, तुला नेमकं बोललेलं आवडतं, तुला बदल आधी कळावा लागतो, ते सगळं त्यातलंच. वकील ऐकत होती. बोटं जोरात चालली होती.

"म्हणजे त्याला नाव आहे?"

"हो."

"मग मला आधी का नाही सांगितलं? मला वाटत होतं मी वाईट आहे."

भाऊ तिथंच तोंडावर हात घेऊन बसला. वकिलानं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायावर चित्राचा एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, "हा कोपऱ्यातला आहे. सोपा आहे. तू लाव."

नंतर भावजय एकदम म्हणाली, "मलाही एक सांगायचंय. ताई, तुम्ही माझे खण लावलेत तेव्हापासून मला माझ्याच घरात काही सापडत नाही." मी चाट पडले. "मग तेव्हाच का नाही बोललीस? छान केलंत म्हणालीस!" ती म्हणाली, "ते तसं म्हणायचं असतं, ताई." म्हणायचं असतं! मनात एक, तोंडावर एक, आणि समोरच्यानं ओळखायचं. लोकांना हे जमतं कसं, मला कधीच कळलेलं नाही. वकील टेबलाखालून म्हणाली, "मलाही नाही."

मोजेवालीनं मला विचारलं, "ताई, तुम्ही लहानपणी कशा होतात?"

"शहाणी होते," मी म्हटलं. "कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"आणि नोकरीत? दुपारचा डबा कुठं खायचात?"

काय विचारेल याचा नेम नाही. सांगितलं, धुतलेल्या चादरींच्या खोलीत, एकटी, रोज तोच डबा. स्टाफरूममध्ये कालवा फार. थिएटरात बरं असतं, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, ज्याला जे हवं ते तो सरळ मागतो. तिनं मान डोलावली, आणखी काही विचारलं नाही. मला वाटतं ती माझ्या अनुभवाचा कामात उपयोग करून घेणार आहे.

घरी आल्या आल्या खण होते तसे परत लावून दिले. भावजय शेजारी उभी राहून सांगत गेली. तिची पद्धत विचित्र आहे, पण तिची आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोजेवालीनं शाळेशी बोलून परवानगी काढली आणि आम्ही दोघी वकिलाच्या वर्गात सकाळभर मागच्या बाकावर बसलो. वकील घरी, तिच्या आईनं एका दिवसाची रजा मागून घेतली.

वर्गशिक्षिका मायाळू आहे, हे आधी लिहिते. पण तो वर्ग! एक ट्यूबलाइट किर्र वाजते, मोजेवालीला मी सांगेपर्यंत ऐकूच आली नव्हती. बाक फरशीवर खरडतात. शिक्षिका शिकवता शिकवता मागून येऊन कुणाच्याही खांद्यावर हात ठेवते, मध्येच कुणाचंही नाव पुकारते. आणि घंटा वकिलाच्या जागेच्या बरोबर डोक्यावर. ती वाजली तेव्हा माझ्या कवटीत कुणी खिळा ठोकावा तसं झालं. आजूबाजूची मुलं मात्र खुशाल दप्तरं भरत होती.

मला उठावंच लागलं. कुठं जावं कळेना, ग्रंथालयाच्या मागं जुने नकाशे ठेवायची अंधारी खोली दिसली, तिथं शिरले, दार लोटलं आणि डोळे मिटून बसले. मोजेवाली शोधत आली तेव्हा बरं वाटत होतं. वय झालं, दुसरं काय.

"ताई," ती दाराशीच बसत म्हणाली, "वकिलाला रोज असंच होत असेल."

"पण मला इथं बसल्यावर थांबलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "अगं, ही खोली वकिलाला द्यायला सांगू!"

"हो," ती म्हणाली. "तेही आहेच."

३० सप्टेंबर, सोमवार

बैठक झाली. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, मोजेवाली, आम्ही तिघं आणि वकील. वकिलाला आणायचंच असा मोजेवालीचा आग्रह. "तिच्याबद्दल तिच्या पाठीमागं ठरवायचं नाही."

मुख्याध्यापिका वाईट नाहीत. सरळ म्हणाल्या, "माझ्याकडे एवढी मुलं. एका मुलीसाठी शाळा बदलू का?"

मोजेवाली म्हणाली, "शाळा नको. खुर्ची बदला." मग तिनं सांगितलं, दाराजवळची जागा, सकाळच्या प्रार्थनासभेनंतर यायची मुभा, घंटेआधी सूचना, खांद्यावर हात नको, आणि ती नकाशांची खोली. ट्यूबलाइट बदलायला भाऊ स्वतः तयार झाला, शिडी घेऊनच आला होता जणू.

"बाकीची मुलं म्हणतील, आम्हालाही तिथं जायचंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मी म्हटलं, "मग एखाद्याला खरंच गरज असेल. बघा त्याच्याकडे." त्या माझ्याकडे चमकून बघायला लागल्या. मी काय वावगं बोलले?

मग वर्गशिक्षिका म्हणाली, "घंटेआधी मी निळा डस्टर टेबलावर ठेवत जाईन. ओरडून सांगायला नको." हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

सगळं मिळालं नाही. अर्धा दिवस शाळा फक्त महिनाभर, नंतर पुन्हा बघू. परीक्षा सगळ्यांबरोबर. शेवटी मुख्याध्यापिकांनी वकिलाला विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

वकील खिडकीकडे बघत म्हणाली, "मला नको असेल तेव्हा 'नको' म्हटलं तर चालेल का?"

"कारण सांगावं लागेल."

"मला दर वेळी कारण माहीत नसतं."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. "मलाही नसतं," म्हणाल्या. "चालेल."

३ ऑक्टोबर, गुरुवार

प्रार्थनासभा संपल्यावर गेलो, ठरल्याप्रमाणे. भाऊ कामाच्या कपड्यांतच आला होता. फाटकाशी उकिडवा बसून तिला सगळं सांगत होता, आता आपण फाटकात, मग अंगण, मग उजवीकडचा पहिला दरवाजा, ट्यूबलाइट मी काल बदलली आहे. वर्गशिक्षिका दारात उभी, हात मागे बांधून, म्हणजे चुकूनही खांद्यावर जायला नको.

वकील म्हणाली, "नको."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी भावजयीकडे. मग भाऊ उठला आणि म्हणाला, "बरं. घरी जाऊ." आवाज स्थिर होता, पण त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

सगळं केलं आणि हे फळ. मी आयुष्यात क्वचितच घाबरते. आज घाबरले आहे. आपण तिला लाडावून ठेवतोय का? सुधारवर्गाच्या सरांनी ऐकलं असतं तर हसले असते. हा विचार मनात आला, म्हणून लिहिला. खोडत नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली!

सकाळी स्वतःच दप्तर घेऊन दारात उभी. मी म्हटलं, "काल तर नको म्हणालीस."

"काल तपासत होते."

"काय?"

"नको म्हटलं तर खरंच चालतं का ते." चपला घालता घालता म्हणाली, "चाललं."

फाटकातून आत गेली, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. भावजय माझा हात धरून उभी होती. मी सोडवून घेतला नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

सगळं काही गोडीगुलाबीचं नाही. काल गणिताच्या तासाला आयत्या वेळी दुसरेच सर आले, वकील बाकाखाली गेली आणि मधल्या सुट्टीपर्यंत निघाली नाही. मुलं हसली. घरी येऊन तिनं उशी फाडली. मी कापूस गोळा केला, ती शिवायला बसली. टाके चांगले घालते, हात सफाईदार आहे.

आज मात्र तिनं निळा डस्टर पाहिला, घंटेआधी उठली, नकाशांच्या खोलीत गेली आणि कुणी बोलवायच्या आधी वर्गात परत आली. वर्गशिक्षिकेनं हे सांगायला फोन केला. आणि वर म्हणाली, आणखी एक मुलगा तिथं जाऊन बसायला लागलाय, वकील त्याच्याकडे बघत नाही, तो तिच्याकडे बघत नाही, दोघांचं उत्तम चाललंय.

मुख्याध्यापिकांनी मोजेवालीला शाळेतल्या सगळ्या शिक्षकांशी बोलायला बोलावलं आहे. आमचं त्यात काही काम नाही, पण भाऊ घरी आल्यापासून शीळ घालतोय.

माझा महिना केव्हाच भरला. कुणी जा म्हणालेलं नाही. मी भावजयीला स्पष्ट विचारलं, "राहू का, की तसं म्हणायचं असतं म्हणून राहा म्हणतेस?" ती हसली. "खरंच राहा. फक्त खणांना हात लावू नका." असं सरळ बोललं की किती सोपं होतं सगळं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मोजेवालीनं आज नवीन काम दिलं. तिच्याकडे येणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबा, काका-मावश्यांसाठी ती दर आठवड्याला एक बैठक सुरू करते आहे. घरात खरा विरोध त्यांचाच असतो म्हणे. ती चालवायला मी तिच्यासोबत बसावं. मी अटी घातल्या. काय होणार ते आधी सांगायचं. एका वेळी एकानंच बोलायचं. ज्याला गप्प बसायचंय त्याला बसू द्यायचं. दिवे मंद. आणि उगाच तब्येतपाण्याच्या गप्पा नकोत. ती म्हणाली, "ताई, इथं पहिल्यापासून हेच नियम आहेत." तेव्हा म्हटलं, ही मुलगी तयारीची आहे. थिएटरात घेतली असती मी.

संध्याकाळी वकील आणि मी एका खोलीत होतो. ती तिच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यांची रिळं रंगांच्या क्रमानं लावत होती, मी माझ्या कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होते. कितीतरी वेळ कुणी चकार शब्द काढला नाही. फार बरं वाटत होतं.

मग ती म्हणाली, "आत्या, तू अगदी माझ्यासारखी आहेस."

मी नीट विचार केला. चुकीचं काही पोरीच्या मनात राहायला नको. म्हटलं, "नाही गं. तू तोंडवळ्यानं आईवर गेलीस. माझं कपाळ रुंद आहे, आणि नाक आमच्या वडिलांचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाहिलं, आपण होऊन. आणि मग जी हसत सुटली, ती दोन्ही हात पाखरासारखे फडफडवत जमिनीवर लोळायलाच लागली. भावजय धावत आली. वकिलानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तर तीही तोंडावर हात दाबून खाली बसली. भाऊ आला, त्याच्याही कानात गेलं. त्यानं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मी मागे वळून बघितलं, कुणी उभं आहे का.

"काय झालं ते मला कुणी सांगेल का?"

"सांगेन," वकील डोळे पुसत म्हणाली. "तुला पाहिजे तेव्हा. नको असेल तर नको म्हण."

मी म्हटलं, आत्ता नको, घड्या अर्ध्या राहिल्या आहेत. "बरं," म्हणाली, आणि आपली रिळं उचलून माझ्या कोपऱ्यात येऊन बसली.